सातव्या प्रकरणातला देवराम

विजयश्रीचं पुस्तक येऊन दीड महिना झाला होता, आणि ओव्हाळांच्या गोतावळ्यात ज्याने स्वतःला त्यात शोधलं नाही असा एकही माणूस उरला नव्हता. पुस्तक वाचायचं म्हणजे आधी आपण कुठे आहोत ते बघायचं, अशीच सगळ्यांची रीत. गिरजाआत्याने चष्मा लावून फक्त आपली पानं वाचली. ती चार निघाली, आणि चारांपैकी तीन पानांवर ती भांडत होती. तिने लगेच भाचीला फोन लावला, "भांडले व्हते ते खरं हाय, पर एवढं न्हाई."

श्रद्धाच्या वाट्याला तेवढंही आलं नव्हतं. ती विजयश्रीची वहिनी, अठरा वर्षं या घरात, आणि दोनशे चाळीस पानांच्या पुस्तकात तिच्यावर एकच वाक्य: 'वहिनी आल्या आणि घर शांत झालं.' सहा शब्द. खीर ढवळताना तिने ते मनात पुन्हा मोजले. घर शांत करायला काय काय लागतं हे लिहायला बसली असती तर तिचंही एक पुस्तक झालं असतं. पण नणंदेवर राग धरावा तर तो धरवत नव्हता, कारण पुस्तक वाचून येणारे फोन उचलायचं काम या घरात तीच करत होती. पुस्तकाच्या मागे घरचा नंबर छापला होता. आळंदीहून एका बाईंनी फोन करून अर्धा तास स्वतःच्याच वडिलांविषयी सांगितलं आणि शेवटी विचारलं, "तुम्हीच का त्या शांत वहिनी?" त्या दिवशी श्रद्धाला आपण अगदीच काही कोणी नाही असं वाटलं नाही.

फोन करणाऱ्यांपैकी निम्मे लोक सातव्या प्रकरणाबद्दल बोलायचे. आकुर्डीचे एक निवृत्त फिटर म्हणाले, "ताई, मी अकरा वर्षं मेव्हण्याच्या नावानं हजेरी लावली. बायकोला सोडून कुणाला माहीत नाही. तुम्ही छापलंत आणि मला झोप लागली."

प्रकरण होतं श्रद्धाच्या सासऱ्यांचं, म्हणजे बुद्धभूषण ओव्हाळांचं. पिंपरीतल्या एका कंपनीत ते टेंपररी लागले तेव्हा सात महिने झाले की ब्रेक मिळायचा, म्हणजे उद्यापासून येऊ नका. त्याच नावाने परत घेत नसत. मग माणसं भावाचा नाहीतर साडूचा शाळेचा दाखला घेऊन दुसऱ्या नावाने गेटवर उभी राहायची. मुकादमाला ठाऊक असायचं, तो तिकडे बघायचाच नाही. बुद्धभूषणने मोठ्या भावाकडे दाखला मागितला, भीमराजने सात महिन्यांसाठी दिला, आणि नेमकं त्याच फेरीत कंपनीने वीस जणांना कायम केलं. कायम झाला तो भीमराज ओव्हाळ. पुढे एकतीस वर्षं हा माणूस घरी बुद्धभूषण आणि कंपनीत भीमराज होता.

खरे भीमराज चार वर्षांनी त्याच गेटवर नोकरीला गेले तेव्हा कारकुनाने रजिस्टर बघून सांगितलं, हे नाव तर आत पहिल्या शिफ्टला आहे, तुम्ही कोण? ते परत फिरले ते तळवड्याच्या छोट्या शेडमध्ये कास्टिंग घासायला लागले आणि जन्मभर कायम झाले नाहीत.

पुस्तकात हे सगळं होतं, फक्त काकांचं नाव भीमराज नव्हतं, देवराम होतं. ते श्रद्धाच्या नवऱ्याने, धम्मरत्नने, बदलायला लावलं होतं. बुद्धभूषण तीन वर्षांपूर्वी गेले, पण कागदोपत्री श्रद्धाच्या सासूबाई भिमाबाई या कै. भीमराज ओव्हाळ यांच्या पत्नी, आणि त्याच नावावर त्यांना पेन्शन येत होती. उद्या कुणी पुस्तक घेऊन ऑफिसात गेलं म्हणजे?

नाव बदलूनही व्हायचं ते झालंच. प्रकाशनाच्या दिवशी काका पहिल्या रांगेत बसले, प्रत घेतली, विजयश्रीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तळवड्याला गेले ते गेलेच. दर रविवारी न चुकता येणारा माणूस दीड महिना आला नव्हता आणि फोनही घेत नव्हता. आणि उद्या सोमवारी दुसऱ्या आवृत्तीच्या दुरुस्त्या प्रकाशकाकडे पाठवायच्या होत्या.

*

"प्रकरण काढ," धम्मरत्न म्हणाला.

बहीणभाऊ गच्चीवर सतरंज्या झटकत होते. वर्षावासातला शेवटचा रविवार. तीन महिने विहारातली मंडळी दर आठवड्याला एकेका घरी ग्रंथवाचनाला जमायची आणि समारोप भिमाबाईंकडे व्हायचा. खाली चपलांचा आवाज सुरू झाला होता.

"अख्खं?" विजयश्रीने विचारलं.

"अख्खं. सहानंतर आठ नंबर देऊ नको, सातच दे. कुणाला कळणार नाही."

विजयश्रीला हसू आलं. तिचा भाऊ चाकणला एका कारखान्यात क्वालिटीला होता. रोज शेकडो पार्ट हातात घेऊन नापास करणारा माणूस, त्याला प्रकरणही तसंच उचलून बाजूला ठेवायचं होतं.

"दादा, ते काढलं तर पुस्तकात राहतं काय? मी कोण ते मला त्याच गोष्टीतून कळलं. चौथीत कंपनीच्या कार्यक्रमात कामगारांच्या मुलांना बक्षिसं होती, आठवतं? माईकवरून ओरडले, विजयश्री भीमराज ओव्हाळ. मी उठलेच नाही. मला वाटलं कुणीतरी दुसरी आहे."

"आप्पांनी चिमटा काढला."

"दंडाला. आणि मी बक्षीस घेताना सगळा वेळ विचार करत होते, त्या दुसरीला कळलं तर ती काय म्हणेल."

धम्मरत्न सतरंजीची घडी घालत राहिला. ही गोष्ट त्याला पाठ होती. त्यालाही शाळेत वडिलांच्या दोन नावांचे दोन फॉर्म भरावे लागले होते. त्याने पुस्तक लिहिलं नाही एवढंच.

"तुझं सगळं खरं आहे," तो म्हणाला. "पण काका येत नाहीत. आप्पा गेले तेव्हा मी चाळीस वर्षांचा घोडा, आणि मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो. मला आता मोठं असं तेवढंच माणूस आहे. तुझ्या पुस्तकापायी ते जात असतील तर मला तुझं पुस्तक नको."

इतकं सरळ तो कधी बोलत नसे. विजयश्रीने हातातली सतरंजी खाली ठेवली.

"त्यांनी सांगितलं का तुला, की ते रागावलेत?"

"सांगायला कशाला पाहिजे? शहाण्या माणसाला गेटवरून हाकललं, ते तू दोन हजार लोकांना वाचायला दिलंस."

ताथवड्याच्या कॉलेजात शिकवताना ती मुलांना सांगायची की अंदाज म्हणजे माहिती नव्हे, आणि इथे दीड महिना दोघंही अंदाजावरच भांडत होते. तळवडं काही लांब नव्हतं. पण जाऊन विचारायचं धाडस दोघांनीही केलं नव्हतं, आणि हे दोघांनाही माहीत होतं.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "आज आले नाहीत तर काढते."

जिंकूनही धम्मरत्नला बरं वाटलं नाही.

*

वंदना झाली, पंचशील झालं. पांढऱ्या साड्या आणि पांढरे सदरे यांनी बाहेरची खोली भरून गेली. वाचन एकेकाने करायचं, प्रत्येकी एक पान. शालनबाई, शेजारच्या, वाचता वाचता दोनदा ओळ चुकल्या आणि दोन्ही वेळा त्यांनी लाइटला दोष दिला. शेवटचं पान वाचून होत होतं आणि भीमराजकाका दारात दिसले. पांढरा शर्ट, हातात प्लॅस्टिकची पिशवी. त्यांनी कुणाला उठू दिलं नाही. दाराशीच भिंतीला टेकून बसले.

भिमाबाईंनी डोक्यावरून पदर घेतला.

मोठ्या दिरासमोर पदर घ्यायचा आणि त्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, हे त्यांच्या आईने मावळातल्या घरी शिकवलं होतं. सुनेला त्यांनी यातलं काही लावलं नाही, स्वतःचं मात्र सोडलं नाही. पण गेली तीन वर्षं दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जावं लागे. काउंटरवरची पोरगी विचारायची, आजी, मिस्टरांचं नाव? आणि भिमाबाई खाली बघून दिराचं नाव सांगायच्या. घरी येऊन त्या दिवशी त्यांना जेवण जायचं नाही. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, लेकीलाही नाही, म्हणून ते पुस्तकात नव्हतं.

खीर वाटायची तयारी झाली तेव्हा शालनबाई म्हणाल्या, "आता विजूचंच पुस्तक वाचा की थोडं. लोकांचे फोन येतात म्हणे, आमी तर ऐकलं बी न्हाई."

"पुढच्या वेळी," धम्मरत्न घाईने म्हणाला.

"वाच," दाराजवळून काका म्हणाले. "सातवं वाच, विजे."

श्रद्धा वाटी घेऊन तशीच उभी राहिली आणि नवऱ्याकडे बघायला लागली. सासूबाईंना दुपारी पुस्तक वाचून दाखवायचं काम तिच्याकडे होतं आणि नवऱ्याच्या सांगण्यावरून तिने सहाव्यानंतर थेट आठवं वाचलं होतं.

"आत्या, ते जरा..." ती भिमाबाईंजवळ वाकून म्हणाली.

"मला म्हाईत हाय. मैत्रीकडनं वाचून घेतलंय मी," भिमाबाई म्हणाल्या. "दोनदा."

श्रद्धाची लेक, सतरा वर्षांची मैत्री, आजीच्या मागे सरकून बसली. श्रद्धाला राग यायच्या ऐवजी हसूच आलं. शांत घरात हे सगळं चालतं तर.

विजयश्री वाचायला लागली. कॉलेजात तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा, आज तो गेटच्या प्रसंगापाशी आला आणि बारीक झाला. "'कारकून म्हणाला, देवराम ओव्हाळ आत प्रेसवर आहे, मी आत्ताच त्याची हजेरी घेतली, तुम्ही कोण? काका म्हणाले, चुकून आलो. बाहेर येऊन ते शिफ्ट सुटेपर्यंत झाडाखाली थांबले, भावाला घेऊन घरी आले आणि वाटेत त्याला म्हणाले, कामाला खाडे करत जाऊ नको, माझं नाव खराब होईल.'"

कुणीतरी नाक ओढलं. शालनबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि उघडउघड दाराकडे बघितलं. या गल्लीत सगळ्यांना सगळं माहीत होतं.

"थांब," काका म्हणाले. "मला एक सांग. ह्यो देवराम कोण?"

विजयश्री गोंधळली. "काका, तुम्हीच."

"मी देवराम न्हाई."

"पुस्तकात फक्त नाव बदललंय, काका. बाकी सगळं तुमचंच..."

"ऐक. रागानं बोलत न्हाई मी." काकांनी पिशवी मांडीवर घेतली. "पुस्तक आलं तवा मी लई खुशीत व्हतो. मला येळ लागतो वाचायला, बोट ठिवून वाचतो. सातवं तीनदा वाचलं. आता मी जिथं वॉचमन हाय ना, त्या शेडवर साक्षी म्हनून पोरगी हाय, आफिसात. तिला दिलं. तिनं जेवणाच्या सुट्टीत समद्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. गेटचं आलं तवा तिचा आवाज गेला, तुझा आत्ता गेला तसा. म्हनाली, काय मानूस आसंल ह्यो देवराम, भेटाया पायजे. मी म्हनालो, पोरी, त्यो मीच की."

"मग?" शालनबाईंना राहवलं नाही.

"मग काय! हसली. म्हनाली, काका, तुमचं नाव तर भीमराज हाय. मी म्हनालो, आगं, पुस्तकात बदललंय. तर येक जन म्हनतो, काका, कागद दाखवा."

कुणी हसलं नाही. काका स्वतःच थोडे हसले.

"थट्टेनं म्हनाला, वाईट पोरगा न्हाई त्यो. पन मला कसं झालं सांगू, विजे? त्या टायमाला माझं नाव आत व्हतं आन् मी भायेर हुबा. आता पुस्तकात मी आत हाय, आन् नाव भायेर. दोन्ही येळंला मला सांगाया लागलं की मीच त्यो, आन् दोन्ही येळंला कुणाला पटलं न्हाई."

विजयश्रीच्या हातातलं पुस्तक मिटलं गेलं. दोनशे चाळीस पानं तिने लिहिली होती ती याच एका गोष्टीवर, की माणसाचं नाव गेलं म्हणजे त्याचं काय काय जातं. आणि ते लिहिताना तिनेच काकांचं नाव काढून घेतलं होतं. सभ्यपणे, कायद्याच्या भीतीने, त्यांच्या भल्यासाठी. तिला इतकी लाज वाटली की मान वर होईना.

"म्हणून आला नाहीत?" धम्मरत्नने विचारलं.

"सत्तरी वलांडलेला मानूस पुस्तकात आपलं नाव मागाया जातो, लोक काय म्हनतील? दर रविवारी निघायचो, बस सोडून द्यायचो."

"काका, तिची चूक नाही. मी बदलायला लावलं." धम्मरत्न म्हणाला. "आईची पेन्शन त्या नावावर आहे. नाव छापलं आणि कुणी विचारलं तर..."

काका त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान हलवली.

"हां. ते माझ्या ध्यानात न्हाई आलं. मग बरुबर हाय तुझं. ऱ्हाऊ दे देवराम." आणि ते पिशवीचं तोंड बांधायला लागले. भावासाठी दाखला काढून देताना ते इतक्याच सहज म्हणाले असतील, ने जा, सात महिन्यांचा तर प्रश्न आहे.

"न्हाई ऱ्हायचं," भिमाबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून बघितलं. दिराशी त्या कधी थेट बोलत नसत. चहासुद्धा मुलांकरवी विचारायच्या.

"येकदा दिलं तेवढं लई झालं. दर साली ब्यांकेत जाऊन मी जित्या मानसाची इधवा म्हनून सही करती. मला काय वाटत आसंल ते कुणी इचारलं? ह्यास्नी मी म्हनायची, आपन त्यांचं नाव नेलं, कवा परत करायचं? हे म्हनायचे, नाव परत करता येत न्हाई, भिमे, कंपनीत तशी सोयच न्हाई." त्यांनी डोक्यावरचा पदर सावरला. "पेन्शन ग्येली तर जाऊ दे. ल्योक हाय, लेक हाय, कोन उपाशी ठिवणार हाय मला? येत्या नोव्हेंबरात मीच जाऊन सांगती काय खरं ते."

"आई, अगं इतकं सोपं नाही ते," धम्मरत्न म्हणाला.

"सोपं हाय आसं मी कुटं म्हनलं?" आणि त्या विजयश्रीकडे वळल्या. "लिही गं. भीमराज शंकर ओव्हाळ. पुरं लिही."

काकांनी मान खाली घातली. पंचेचाळीस वर्षांत भावजयीच्या तोंडून त्यांनी आपलं नाव पहिल्यांदा ऐकलं होतं. खोलीत बाकी कुणाला त्यातलं काही कळलं नसेल, पण शालनबाईंना कळलं. त्या आयुष्यात पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत.

काकांनी पिशवी पुन्हा सोडली आणि आतून आपली प्रत काढून विजयश्रीला दिली. तिने सातवं प्रकरण उघडलं. पानोपानी देवराम या शब्दावर पेन्सिलीची आडवी रेघ होती आणि वर एकेक अक्षर सुटं काढून लिहिलं होतं: भीमराज. भीमराज. भीमराज.

"म्हनलं मागायचंच हाय तर काम करून न्यावं," ते म्हणाले. "तुला सोदायचा तरास नको."

तिला पुढचं वाचवेना. धम्मरत्नने पुस्तक तिच्या हातातून घेतलं. तो उभ्यानेच पानं उलटत गेला, ओळीवर अंगठा सरकवत, कारखान्यात बघायचा तसा, काहीही न सोडता. खीर गार होत होती आणि कुणी ती मागत नव्हतं. प्रकरणाच्या अगदी शेवटच्या पानावर तो थांबला.

"काका, इथे एक राहिलंय."

"वाच."

"'त्या संध्याकाळी देवराम ओव्हाळ शेवटची शिफ्ट करून रिटायर झाले आणि बुद्धभूषण ओव्हाळ घरी आले.'"

"राह्यलं न्हाई, ठिवलंय," काका म्हणाले. "ह्यो मी न्हवं. ह्यो तुझा बाप हाय. येकतीस वर्सं त्यानं माझं नाव वागवलं, येक मेमो न्हाई, येक खाडा न्हाई. माझ्याकडं ऱ्हायलं आसतं तर येवढं चांगलं ऱ्हायलं नसतं." ते भिंतीला धरून उठले आणि पुतण्यासमोर येऊन उभे राहिले. "पन बाप तुझा हाय. म्हनून म्हनलं इचारून घ्यावं. हितं माझं नाव त्याला लावू का?"

धम्मरत्नने खिशातलं पेन काढलं. टोपण काढून ते काकांच्या हातात दिलं.

"लावा, काका," तो म्हणाला, आणि पान त्यांच्यासमोर धरून उभा राहिला.